शेततळ्यात शेवाळ, नाल्यात जलपर्णी: तळ्यात मासे असताना कोणतं औषध चालतं, किती, आणि कोणतं अजिबात नाही?

निफाड_बागायत (प्रश्न)

नमस्कार मंडळी. शेततळं निफाड तालुक्यात. वरचं माप ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार दीडास एक, ५०० मायक्रॉनचं अस्तर. सध्या पाणी दोन मीटर आहे. तळ्यात रोहू, कटला आणि थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प) आहेत. हेच पाणी ठिबकने द्राक्षाला जातं. खरड छाटणी (द्राक्षाची एप्रिलमधली छाटणी) होऊन नवी फूट निघते आहे.

अडचणी अशा:

१. धाग्यासारखं हिरवं शेवाळ कडेने वाढलंय, डिस्क फिल्टर रोज तुंबतो. कृषी सेवा केंद्रातून सल्ला मिळाला की पाच किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, विषय संपेल.

२. ज्या नाल्यावरून पाणी उचलतो त्यात जलपर्णी आहे, दीड-दोन गुंठ्यांचा पट्टा. ग्लायफोसेट आणि टू-फोर-डी ही दोन तणनाशकं एकत्र मारायला सांगतात. नाला पुढे गोदावरीला मिळतो.

३. काही माशांच्या अंगावर उवा दिसतात. नुवान टाकायचं म्हणतात.

४. तळ्याला लागूनच बाग आहे. ब्लोअरने फवारताना तळ्यापासून किती अंतर ठेवायचं?

आकड्यांसह सांगितलंत तर बरं होईल. "थोडं टाका, काही होत नाही" असे सल्ले भरपूर मिळालेत.

---

लेबल_वाचा

सगळ्यात आधी काय टाकायचं नाही ते.

नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस. केंद्राच्या २०१८ च्या आदेशाने ते ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद आहे. फोरेट, ट्रायझोफॉस, फॉस्फामिडॉन, ॲलाक्लोर हीही त्याच तारखेला गेली. जुनी बाटली कपाटात सापडली म्हणून ती तळ्यात रिकामी करायची नाही.

दुसरं, सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन यांचा पाण्याशी संबंधच येऊ द्यायचा नाही. तुमच्याच तळ्याचं उदाहरण घ्या. दोन मीटर पाणी म्हणजे साधारण ११५८ घनमीटर (हिशोब कुणीतरी खाली देईलच). सायपरमेथ्रिन २५ ईसीचं (२५ टक्के औषध असलेलं) एक झाकण, १० मिली, म्हणजे अडीच ग्रॅम मूळ औषध. ते एवढ्या पाण्यात मिसळलं की लिटरला सुमारे २ मायक्रोग्रॅम होतं. पायरेथ्रॉइडने मासे मरायला लिटरला काही मायक्रोग्रॅमच लागतात, आणि झिंगे, पाण्यातले किडे, माशांचं खाद्य असलेले प्राणिप्लवक त्याहूनही कमीत जातात. पाठीवरचा पंप तळ्याच्या काठावर धुतला तर एवढं औषध सहज आत जातं.

तिसरं, लेबल. कीटकनाशक कायदा १९६८ आणि नियम १९७१ यांनुसार औषधाची नोंदणी ठरावीक पिकासाठी किंवा जागेसाठी होते. बाटलीसोबतच्या घडीपत्रिकेत "जलीय तण" किंवा पाण्यातल्या वापराचा उल्लेख नसेल तर ते औषध पाण्यासाठी नाही, दुकानदार काहीही म्हणो. ग्लायफोसेट ४१ एसएलच्या लेबलवर चहाचे मळे आणि बिगरपीक जमीन आहे. मासे असलेलं तळं त्यात कुठेच बसत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत करण्याची अधिसूचना काढली होती.

ग्लायफोसेटबद्दल अजून एक. नेहमीच्या बाटलीत औषध पानाला चिकटावं म्हणून जे सहायक द्रव्य असतं ते बेडकांच्या पिल्लांना आणि माशांना खुद्द ग्लायफोसेटपेक्षा जास्त घातक ठरतं. म्हणून अमेरिकेत पाण्यातल्या वापरासाठी ते द्रव्य नसलेली वेगळी ग्लायफोसेट विकतात. आपल्याकडच्या शेतातल्या बाटलीला तो निकष लावता येत नाही.

त्रिकोणाच्या रंगावरही विसंबू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग माणसाला किती विषारी ते सांगतात, माशाला किती ते नाही. निळ्या त्रिकोणाची औषधंही तळं साफ करू शकतात.

---

मत्स्य_तळे

मोरचुदाचा हिशोब करू. इथे सगळ्यात मोठी चूक पाण्याच्या घनफळात होते.

लोक ३० × ३० × ३ = २७०० घनमीटर धरतात. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात हे विसरतं, आणि पाणी पूर्ण भरलेलं नाही हेही विसरतं. दीडास एक उतार असेल तर तळाचं माप ३० − (२ × १.५ × ३) = २१ मीटर. पाणी दोन मीटर असेल तर पाण्याच्या पृष्ठभागाचं माप २१ + (२ × १.५ × २) = २७ मीटर, आणि मधोमध २४ मीटर. मग:

घनफळ = खोली ÷ ६ × (वरचं क्षेत्र + ४ × मधलं क्षेत्र + तळाचं क्षेत्र)
= २ ÷ ६ × (७२९ + २३०४ + ४४१) = ११५८ घनमीटर.

२७०० धरून मात्रा काढली तर ती सव्वादोन पटीहून जास्त पडते. पूर्ण भरलेलं तळंसुद्धा याच सूत्राने १९७१ घनमीटरच भरतं, २७०० नाही. गाळ साचला असेल तर काठीने खोली चार-पाच ठिकाणी मोजा.

एक पीपीएम म्हणजे एका घनमीटरला एक ग्रॅम. तुमच्या तळ्यात १ पीपीएमला १ किलो १५८ ग्रॅम. पाच किलो म्हणजे ४.३ पीपीएम झालं.

किती चालेल हे पाण्याच्या क्षारतेवर (टोटल अल्कलिनिटी) ठरतं. मत्स्यशेतीत वापरला जाणारा नियम असा: क्षारता भागिले शंभर = मोरचुदाची जास्तीत जास्त पीपीएम मात्रा. क्षारता १८० असेल तर १.८ पीपीएम, म्हणजे तुमच्याकडे २ किलो ८० ग्रॅम. क्षारता ५० च्या खाली असेल तर मासे असलेल्या तळ्यात मोरचूद टाकायचंच नाही, कारण अशा कमी क्षारतेच्या पाण्यात मोरचुदातलं तांबं मोकळं राहतं आणि थेट कल्ल्यांवर बसतं. २५० च्या वर असेल तर उलट होतं: तांबं कार्बोनेट होऊन खाली बसतं, शेवाळाला काहीच होत नाही, आणि माणूस "कमी पडलं" म्हणून दुप्पट टाकतो.

माती-पाणी परीक्षणाच्या अहवालात क्षारतेचा वेगळा रकाना बहुतेक नसतो. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये दिलेले असतात. त्या दोघांची बेरीज करून ५० ने गुणा, क्षारता मिळाली. अहवाल नसेल तर आधी पाणी तपासा. तोपर्यंत मोरचुदाची पिशवी बंद ठेवा.

आकडा अनुकूल आला तरी पद्धत ही:

शेवाळाचे तरंगणारे गठ्ठे आधी बाहेर काढा. दोघांनी दोन काठांवर उभं राहून जुनी नायलॉन जाळी ओढायची. लोखंडी दातांचं फावडं नको, अस्तर फाटेल. जेवढं शेवाळ बाहेर येईल तेवढं कमी कुजेल.

मोरचूद प्लास्टिकच्या ड्रममध्ये पूर्ण विरघळवा. लोखंडी किंवा गॅल्व्हनाइज्ड भांडं नको, तांबं त्याच्यावर चढून बसतं आणि भांडं खातं. खडे तसेच पाण्यात फेकू नका. ते अस्तरावर एका जागी बसतात आणि तेवढ्या जागेत मात्रा शेकडो पट होते.

एका वेळी तळ्याचा फक्त एक तृतीयांश भाग घ्या, तेवढ्याच पाण्याची मात्रा टाका. पुढचा भाग दहा ते चौदा दिवसांनी. मासे बहुतेक वेळा मोरचुदाने मरत नाहीत, मेलेल्या शेवाळाने मरतात. शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढतं. ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू मावतोच मुळी साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. एप्रिलमध्ये सगळं तळं एकदम मारलं की तिसऱ्या-चौथ्या पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात आणि सूर्य वर येईपर्यंत तरंगायला लागतात.

म्हणून उन्हाच्या दिवशी, सकाळी दहानंतर टाका. ढगाळ हवा असेल तर थांबा. त्या पहाटेचा प्राणवायू ३ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर त्या दिवशी काहीच करू नका. तपासणी किट स्वस्त मिळतं. आदल्या दिवसापासून खाद्य बंद. पंपाचं पाणी परत तळ्यातच उंचावरून फवाऱ्यासारखं पडेल अशी पाइपची जोडणी आधीच करून ठेवा, पुढच्या दहा-बारा रात्री ती लागू शकते.

पाण्यावर रंगासारखा हिरवट-निळा तवंग असेल आणि वास येत असेल तर ते धाग्याचं शेवाळ नाही, निळं-हिरवं आहे. त्यातल्या काही जाती विष बनवतात आणि मारल्यावर ते विष पाण्यात सुटतं. असं पाणी गुरांना पाजू नका.

---

ठिबक_फिटर

वरचा हिशोब बरोबर आहे, पण मी एक पायरी आधी थांबेन. तुमची तक्रार शेवाळाची नाही, फिल्टर तुंबण्याची आहे. फिल्टरसाठी तळ्याला औषध द्यायची गरज नसते.

पहिलं, सक्शन कुठे आहे बघा. फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपचं तोंड) तळाशी असेल तर गाळ ओढतो, पृष्ठभागाजवळ असेल तर शेवाळ ओढतो. तो ड्रमला टांगून तरंगता करा, पृष्ठभागाखाली साधारण अर्धा मीटर, आणि भोवती जाळीचा पिंजरा.

दुसरं, तळ्याच्या पाण्याला एकटा डिस्क फिल्टर पुरत नाही. आधी सॅन्ड फिल्टर, मग डिस्क. सॅन्ड फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक अर्धा किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आसपास गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. आणि ते बॅकवॉशचं पाणी परत तळ्यात सोडू नका. ही चूक बऱ्याच शेतांवर दिसते.

तिसरं, नळ्यांमधल्या शेवाळासाठी क्लोरीन. पंप तासाला २० हजार लिटर देत असेल आणि १० टक्के क्लोरीनचं सोडियम हायपोक्लोराइट असेल, तर १० पीपीएमसाठी तासाला २ लिटर. व्हेंचुरीने (पाण्याच्या ओढीने औषध पाइपात खेचणारी जोडणी) फिल्टरच्या आधी सोडा, शेवटच्या लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) टोकाला १ ते २ पीपीएम येईपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास. थोडा वेळ थांबून टोकं उघडून नळ्या धुवा. हायपोक्लोराइट उन्हात ठेवलं की ताकद उतरते, मग हिशोब बिघडतो.

यात धोका दोन ठिकाणी आहे. वीज गेली आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर क्लोरीनचं पाणी उलटं तळ्यात येतं, आणि मासे क्लोरीनच्या पीपीएमच्या अंशालाही टिकत नाहीत. खत सोडणाऱ्यांनाही हाच नियम: पंप आणि व्हेंचुरीमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर व्हेंचुरी चालू करू नये. दुसरा धोका, क्लोरीन आणि ॲसिड एकाच टाकीत किंवा एकामागोमाग एक. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद पंपघरात जीव जाऊ शकतो. दोन्हींमध्ये दिवसाचं अंतर ठेवा.

मोरचुदाचं पाणी ठिबकने वेलीला देण्याबद्दल: मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा असतं. १.८ पीपीएम म्हणजे लिटरला ०.४५ मिलिग्रॅम तांबं. सिंचनाच्या पाण्यात कायम वापरासाठी अन्न व कृषी संघटनेने सुचवलेली मर्यादा ०.२ आहे. एकदा दिलं म्हणून वेल मरणार नाही, पण द्राक्षाच्या जमिनीत बोर्डो मिश्रणाच्या फवारणीचं तांबं वर्षानुवर्षं साचलेलंच असतं.

---

निफाड_बागायत

अहवाल सापडला. कार्बोनेट ०.६, बायकार्बोनेट ४.८. बेरीज ५.४, पन्नासने गुणलं तर २७०. म्हणजे मोरचूद टाकून उपयोगच नाही असं धरू ना? चिलेटेड तांबं घेतलं तर?

---

मत्स्य_तळे

हो, मोरचूद बाद. चिलेटेड तांबं, म्हणजे खाली बसू नये म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेलं तांबं, जास्त क्षारतेच्या पाण्यातही विरघळलेलं राहतं हे खरं, पण जास्त वेळ विरघळलेलं राहणं हीच माशांच्या दृष्टीने अडचण. शिवाय बाजारातलं चिलेटेड तांबं बहुतेक पानावर फवारायचं सूक्ष्म अन्नद्रव्य असतं, तळ्यासाठीचं औषध नाही. अस्तरामुळे तुमच्याकडे तांबं धरून ठेवणारी तळमातीही नाही. मातीच्या तळ्यात चिखल बरंच काही शोषून घेतो, प्लास्टिकवर तो आधार मिळत नाही.

जाळीने ओढून काढणं, तरंगता सक्शन, सॅन्ड फिल्टर, एवढ्यावर थांबा. शेणखत किंवा सुपर फॉस्फेट तळ्यात टाकत असाल तर बंद करा. खाद्य वीस मिनिटांत संपेल एवढंच द्या, उरलेलं खाद्य म्हणजे शेवाळाचंच खत. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, पाण्याखालची पानवनस्पती चांगली खातो, पण धाग्याच्या शेवाळासाठी त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. चंदेऱ्या, म्हणजे सिल्व्हर कार्प, हिरव्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ खातो, धागे नाही. कोपऱ्यावर शेडनेटची पट्टी ताणली तर सावलीखाली शेवाळ लगेच कमी होतं आणि बाष्पीभवनही.

---

तण_विज्ञान

नाल्याचं बोलतो. इथे मला दुकानातला सल्ला सगळ्यात धोकादायक वाटतो, आणि त्यात पहिला बळी तुमची स्वतःची बाग आहे.

टू-फोर-डी द्राक्ष, कपाशी आणि टोमॅटोला नगण्य मात्रेतही लागतं. पानं पंख्यासारखी आवळतात, शिरा एकमेकींना समांतर होतात, शेंडा वळतो. खरड छाटणीनंतरची कोवळी फूट याला सगळ्यात नाजूक. याच फुटीवर छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत पुढच्या हंगामाच्या घडांची जडणघडण डोळ्यांत होते. म्हणजे एप्रिलमध्ये वाऱ्याने आलेल्या औषधाचा हिशोब ऑक्टोबर छाटणीनंतर कळतो. एस्टर प्रकारचं टू-फोर-डी असेल तर फवारणी संपल्यावरही दुपारच्या उन्हात त्याची वाफ उठते आणि शेजारच्या बागेत जाते. आणि तो नाला तुमच्या तळ्याचा स्रोत आहे. अमेरिकेतल्या पाण्यासाठीच्या टू-फोर-डीच्या लेबलवर फवारलेलं पाणी लेबलबाहेरच्या पिकाला द्यायचं तर २१ दिवस थांबा किंवा प्रमाण ०.१ पीपीएमच्या खाली आल्याचं तपासा, अशी अट असते. पिण्याच्या पाण्यासाठी आपलं मानक, आयएस १०५००, लिटरला ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा घालतं. नाल्याकाठी खाली कुणाची विहीर आहे हे बघितलंय का?

भारतात टू-फोर-डीच्या अमाइन क्षाराच्या काही उत्पादनांच्या लेबलवर जलपर्णीचा उल्लेख आहे. पण ते बंद, मोठ्या, सिंचनाशी संबंध नसलेल्या पाण्यात आणि पाण्याची मालकी असलेल्या खात्याच्या परवानगीने करायचं काम आहे. नाला वाहता, सार्वजनिक. पाणी प्रदूषण कायदा १९७४ चं कलम २४ प्रवाहात किंवा विहिरीत विषारी द्रव्य जाऊ देण्यास मनाई करतं. आणि तुमचा नाला ज्या गोदावरीला मिळतो तिच्यावर निफाड तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर आहे, पक्षी अभयारण्य आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). अभयारण्याच्या पाण्यात औषध पोचलं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा प्रश्न येतो.

दीड-दोन गुंठे म्हणजे हाताने काढण्याचंच काम आहे. दाट जलपर्णी चौरस मीटरला वीस-तीस किलो भरते, म्हणजे गुंठ्याला दोन-तीन टन. आकडा मोठा वाटतो, पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. काठावर दोन दिवस पसरली की वजन उतरतं, मग ट्रॉलीत भरा. आता, पाणी कमी असताना काढा. फुलं येऊ देऊ नका. बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एकदा काढून काम संपत नाही, दर वर्षी दोनदा फिरावं लागेल.

काढलेला ढीग नाल्याच्या पूररेषेबाहेर टाका. काठावरच ठेवला तर जूनच्या पहिल्या पुरात तो तसाच परत आत जातो. कंपोस्ट करता येतं. पण वरच्या बाजूला कारखान्याचं किंवा शहराचं सांडपाणी येत असेल तर जलपर्णी जड धातू शोषून ठेवते, तो माल गुरांना घालू नका.

वरून नवीन येऊ नये म्हणून नाल्यात आडवा तरंगता दोर बांधा: एचडीपीई दोर, त्याला दर मीटरला रिकामी बंद कॅन, खाली हातभर जाळी. काटकोनात न बांधता तिरका बांधा, म्हणजे जलपर्णी एका काठाला सरकते आणि तिथून काढायला सोपी जाते. औषधाचे रिकामे डबे कॅन म्हणून वापरू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. पावसाळ्याआधी दोर सोडून ठेवा, नाहीतर पुरात काठ तोडेल.

भुंगेऱ्यांबद्दल कुणी विचारेलच. जलपर्णी खाणारे निओचेटिनाचे दोन भुंगेरे १९८० च्या दशकात भारतात आणले गेले आणि काही तलावांत त्यांनी चांगलं काम केलंय. पण त्यांना स्थिर पाणी आणि तीन-चार वर्षं लागतात. दर पावसाळ्यात धुऊन जाणाऱ्या नाल्यात ते टिकत नाहीत. मोठा गावतलाव असेल तर जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडे विचारणा करा.

---

मत्स्य_तळे

उवांचं राहिलं होतं. त्या आर्ग्युलस. उघड्या डोळ्यांनी दिसतात, चपट्या, माशाच्या अंगावर सरकतात. मासा अस्तराला अंग घासतो, उडी मारतो, खाणं कमी करतो.

या उवा अंडी माशावर घालत नाहीत, कडक पृष्ठभागावर घालतात. त्याचाच फायदा घ्या. बांबूच्या फळ्या किंवा जाड काठ्या आठ-दहा ठिकाणी उभ्या टांगा. दर सात दिवसांनी काढून कडक उन्हात पूर्ण वाळवा, मग परत लावा. उन्हाळ्यात अंडी दोनेक आठवड्यांत फुटतात, त्यामुळे आठवड्याचा नेम मोडू नका. दीड-दोन महिने सलग करा.

जाळ्यात आलेले मासे २ ते ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटरला २०० ते ३०० ग्रॅम, एखाद-दोन मिनिटं बुडवा. मासा कलंडायला लागला की लगेच बाहेर. पोटॅशियम परमँगनेट तळ्यात २ पीपीएमने देतात (तुमच्याकडे सव्वादोन किलोच्या थोडं वर), पण तुमचं पाणी क्षारयुक्त आहे, शेवाळामुळे दुपारी पीएच ९ च्या पुढे जात असणार, आणि अशा पाण्यात ते कल्ल्यांना जास्त लागतं. काठ्यांनी भागत असेल तर ते नकोच.

---

बागेची_फवारणी

अंतराचा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. लेबलवर अंतर दिलं असेल तर तेच. नसेल तर ब्लोअरला मी तळ्याकडच्या चार-पाच ओळी वेगळ्या धरेन: त्या ओळींत तळ्याकडच्या बाजूचे नोझल बंद आणि पंखा हळू, म्हणजे फक्त आतल्या दिशेने फवारा. पायरेथ्रॉइड असेल तर त्या ओळींना ते देऊच नका, दुसरं औषध निवडा. ओळीच्या टोकाला वळताना नोझल बंद करणं ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे आणि सगळ्यात जास्त विसरली जाते.

वारा ताशी ५ ते १५ किलोमीटर आणि तळ्याकडून बागेकडे वाहणारा हवा. अगदी पडलेला वारा चांगला असं वाटतं, पण हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत पसरून राहतो तशी हवा असेल तर बारीक थेंब तासभर तरंगतात आणि उताराने थेट तळ्याच्या खोलगटात उतरतात. नोझल झिजलं असेल तर बदला, दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला तर थेंब धुक्यासारखे बारीक होतात.

वाऱ्याखेरीज औषध मातीबरोबरही जातं. पायरेथ्रॉइड मातीच्या कणाला घट्ट धरतात, म्हणून बागेतून गढूळ पाणी तळ्यात येत असेल तर औषधही येतं. अस्तराच्या तळ्याला शेतातलं वाहतं पाणी घ्यायचंच कशाला? बांध उचला, बाहेरून चर काढा, मध्ये दोन-तीन मीटर गवताची किंवा वाळ्याची पट्टी ठेवा.

द्रावण बनवण्याची जागा विहीर, तळं, नाला यांपासून किमान तीस मीटर दूर, उताराच्या खालच्या बाजूला. टाकी भरताना पाइपचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडलेलं नको, वर वीतभर हवा राहू द्या. पंप बंद पडला की बुडलेला पाइप टाकीतलं औषध उलटं विहिरीत ओढतो. रिकामी बाटली पाव भाग पाणी भरून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी टाकीतच ओता, असं तीनदा. मग बाटलीला भोक पाडा. टाकी धुतलेलं पाणी फवारलेल्याच बागेवर पातळ करून मारा. नियम १९७१ च्या नियम ४४ मध्येही हेच आहे: वापरलेली वेष्टनं, उरलेलं औषध आणि धुवण यांनी पाणी किंवा परिसर दूषित होता कामा नये.

तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा. टू-फोर-डी वापरलेला पंप दोनदा धुतला तरी द्राक्षावर चालवू नका.

---

सांगोला_डाळिंब

मध्येच विचारतो. आमच्याकडे शेजारच्या शेतातल्या फवारणीनंतर तळ्यात मासे मेले. औषधाने मेले की प्राणवायूने, हे कसं ओळखायचं? शेजारी म्हणतो उष्णतेने मेले.

---

मत्स्य_तळे

वेळ आणि क्रम बघा. प्राणवायू कमी पडला तर मासे पहाटे मरतात, आधी मोठे, कारण त्यांना जास्त लागतो. त्याआधी ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात, आणि दिवस वर आला की उरलेले सावरतात. पाण्याला वास येतो, रंग हिरव्याचा तपकिरी होतो.

औषध असेल तर मरणं दिवसाच्या कोणत्याही वेळी, बऱ्याचदा फवारणीनंतर किंवा पहिल्या पावसानंतर काही तासांत. आधी छोटे मासे, झिंगे आणि पाण्यातले किडे. मासे गोल फिरतात, झटके देतात, ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचं कीटकनाशक असेल तर कणा वाकलेला दिसू शकतो. पाण्यावर चालणारे किडे आणि डासांच्या अळ्यासुद्धा गायब असतील तर कीटकनाशकाचा संशय पक्का समजा. पाण्याचा प्राणवायू लगेच मोजा, तो ४ च्या वर असूनही मासे मरत असतील तर उष्णतेचं कारण टिकत नाही.

पुरावा पहिल्या काही तासांतच मिळतो. एक लिटर पाणी काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ, दोन ठिकाणचं, त्यातलं एक जिथून फवारणीचं पाणी येतं तिथलं. प्लास्टिक नको, पायरेथ्रॉइड त्याला चिकटतात आणि अहवालात काहीच येत नाही. तडफडणारे, अजून न मेलेले मासे ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात. कुजलेला मासा प्रयोगशाळेला निरुपयोगी. बाटलीवर वेळ आणि जागा लिहा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा आणि प्रयोगशाळेला शेजाऱ्याने काय फवारलं त्याचं नाव सांगा. कोणतं औषध शोधायचं हे माहीत नसेल तर तपासणी महाग होते आणि बऱ्याचदा चुकीच्या गटाची होते. ते मासे कुणी खाणार नाही आणि कुत्र्या-घारींना मिळणार नाहीत असे खोल पुरा.

---

ठिबक_फिटर

एक राहून गेलं. अस्तराच्या उतारावर एकट्याने उभं राहून जाळी ओढू नका. शेवाळ लागलेल्या प्लास्टिकवर पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. चारही बाजूंना वरच्या खुंटाला बांधलेला, दर फुटाला गाठ मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, टायरची ट्यूब काठावर असू द्या, आणि काम चालू असेपर्यंत दुसरा माणूस तिथेच हवा.